भोंग्याला ओ देणारी

मर्ल टनब्रिजला नदी आवडत नसे. हे वाक्य मी स्टॉकटन गावच्या क्लबात मोठ्याने म्हटलं, तर लोक मलाच वेड्यात काढतील. कारण मर्ल म्हणजे नदी आणि नदी म्हणजे मर्ल, असं आमच्या गावाने परस्पर ठरवून टाकलं होतं. पुढच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसून जहाजं ओढून नेणाऱ्या टगबोटींना भांडी पुसायचं फडकं हलवणारी म्हातारी. एका वर्तमानपत्रवाल्याने तिचा फोटो छापला आणि खाली लिहिलं, ही बाई हंटर नदीच्या प्रेमात आहे. मर्लने तो अंक ओट्यावर पसरला आणि त्याच्यावर बटाटे सोलले.

मी तिची शेजारीण आयलीन. आमच्यामध्ये एक लाकडी कुंपण आणि त्यातल्या तीन फळ्या आम्हीच काढलेल्या, कारण दर वेळी वळसा घालून यायला आम्हा दोघींनाही जिवावर येई. त्यामुळे मी जे सांगते आहे ते स्वयंपाकघरातून बघितलेलं आहे. पाण्याच्या बाजूने दिसायचा तो फक्त व्हरांडा.

ती मूळची गनेडाची, आत गव्हाच्या मुलखातली. तिकडे नजर फेकली की ती कुठे अडकत नाही. क्लॅरी टनब्रिज तिकडे मामेभावाच्या लग्नाला गेला होता, तिथे नाचताना दोघांचं जमलं. तो न्यूकॅसल बंदरात टगच्या भट्टीत कोळसा टाकायच्या कामाला. लग्न होऊन ती इथे आली, घराचं दार उघडलं, आणि समोरून एक भलंमोठं जहाज इतक्या जवळून जात होतं की ते आता चहाला आत येणार असं तिला वाटलं.

"हे असं रोज जाणार दारावरून?" तिने विचारलं.

"एकटं नाही जात गं," क्लॅरी म्हणाला, "मी ओढून नेतो ना!"

त्याला वाटलं बायको खूश होईल. ती रात्रभर पडदे शिवत बसली.

टगवाल्याचा संसार घड्याळावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतो. जहाज आलं की निघायचं, ते धक्क्याला लावायचं, तेवढ्यात दुसरं बाहेर काढायचं निघतं, मग तिसरं. मधेच नदीतून उपसलेल्या गाळाचं बार्ज, म्हणजे सपाट होडगं, समुद्रापर्यंत न्यायला माणूस कमी पडतो. नवरा दुपारी येणार म्हणून ओव्हनमध्ये ठेवलेल्या मटणाच्या चापा संध्याकाळपर्यंत बुटाच्या तळव्यासारख्या व्हायच्या. शेवटी क्लॅरीनेच तोड काढली. काम संपवून टग परत फिरली की आमच्या वळणावर भोंगा द्यायचा, एक लांब, दोन आखूड. म्हणजे, बटाटे चढव, टग बांधून येतोच. मर्लने व्हरांड्यात येऊन फडकं हलवायचं. म्हणजे, ऐकलं.

इथवर ठीक होतं. पण टगवर क्लॅरी एकटा नव्हता. बाकीच्यांच्या बायका मागच्या गल्ल्यांत राहायच्या, त्यांना भोंगा कुठला हे कळायचं नाही. म्हणून मर्लने फडकं हलवून झालं की चपला घालून चार घरं फिरायचं आणि सांगायचं, तुमचेही येताहेत. पावसात फिरायची, पोटुशी असताना फिरायची, मुलाला, लिंडसेला, कडेवर घेऊन फिरायची. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच. बरं, भोंगा कधी होईल याचा नेम नाही, म्हणून घर सोडून जायचं नाही. सिनेमाला नाही, समुद्रावर नाही, माझ्याबरोबर नदीपलीकडे शहरात कापड घ्यायला सुद्धा नाही. "भोंगा झाला तर?" हे तिचं पालुपद. मी चिडायचे. म्हणायचे, "मर्ल, तू त्या टगवर पगाराला आहेस का?" ती म्हणायची, "पगाराला असते तर रजा तरी मिळाली असती."

पुढे घरोघर फोन आले आणि तिचं फिरणं थांबलं. पण फडकं राहिलं. फडकं दिसलं नाही तर क्लॅरी घरी येऊन तोंड पाडून बसे. "पोरांसमोर लाज गेली माझी. भोंगा दिला आणि वर कुत्रंसुद्धा हललं नाही!" तसा तो वाईट नव्हता. बायको आपली वाट बघते हे चार माणसांना दिसावं एवढीच त्याची हौस. तिला तेवढा एक भोंगा आवडायचा, हेही खरं. पातेल्याखालचा गॅस पेटवताना ती गुणगुणायची, ते मी कुंपणापलीकडून ऐकलेलं आहे.

क्लॅरी निवृत्त झाला आणि दोनच वर्षांत गेला. तेवढ्या काळात त्याने खुर्चीत बसून प्रत्येक टगच्या दोरावर टीका केली. त्याच्या हाताखाली तयार झालेला नेव्ह ऑलसेन तोवर कप्तान झाला होता. अंत्यविधी झाल्यावर त्याच आठवड्यात नेव्हची टग वळणावर आली आणि भोंगा झाला. एक लांब, दोन आखूड.

मी तेव्हा मर्लच्याच स्वयंपाकघरात होते. लोकांनी आणून दिलेले केक आणि सँडविचेस कुठे ठेवायची याचा आम्ही विचार करत होतो. हातातला केक तिने तसाच ओट्यावर ठेवला. मग तिने फडकं उचललं, बाहेर गेली, हलवलं. टगवरच्या सगळ्यांनी टोप्या काढल्या होत्या. मी रडले. ती आत आली आणि म्हणाली, "चांगला मुलगा आहे नेव्ह."

दुसऱ्या दिवशी पुन्हा भोंगा. तिसऱ्या दिवशी दोन टग, दोन भोंगे. नेव्हने दुसऱ्या कप्तानांना सांगितलं, त्यांनी नव्या पोरांना सांगितलं. टगवर कामाला लागलेल्या माणसाला म्हणे पहिल्याच दिवशी शिकवायचे: इथे पाणी उथळ आहे, इथे वारा फिरतो, आणि इथे मर्लला भोंगा द्यायचा. आधी फक्त परतताना द्यायचे, मग जातानाही द्यायला लागले. चांगुलपणाला आवर कोण घालणार?

वर्षं गेली. कोळशाची मागणी वाढली, जहाजं वाढली. समुद्रात बाहेर थांबलेल्यांची रांग लागायची, आणि एक आत आलं की दुसरं कोळशाच्या भाराने पाण्यात खोल गेलेलं बाहेर निघायचं, पुढे एक टग, मागे एक, कधी कुशीला तिसरी. दूरदूरच्या देशांची जहाजं, गंजलेली, रंगवलेली, डेकवर वाळत घातलेले खलाशांचे कपडे. त्यांच्यामधून गाळाची बार्ज आणि आमची ती नदी ओलांडणारी छोटी फेरीबोट, जी सगळ्यांच्या पायांत यायची. सुट्टीच्या दिवशी लोक दुर्बिणी घेऊन बांधावर यायचे, कोणतं जहाज किती लांब यावर वाद घालायचे, आणि मग व्हरांड्याकडे वळून मर्लला हात करायचे. मला त्यांचा राग यायचा. त्यांना घरी जायला मिळत होतं.

मर्लचे गुडघे तेव्हा पार गेले होते. खुर्चीत बसून हलवलेलं फडकं कठड्यामुळे पाण्यावरून दिसत नसे, म्हणून उठायला लागायचं. भोंगा झाला की ती दोन्ही हात खुर्चीवर रोवायची, "चला बाई," म्हणायची आणि उठायची. परत टेकते न टेकते तोच दुसरा. पश्चिमेचा वारा असला की कोळशाची धूळ तोंडावर. जेवणाचा घास खाली ठेवून उठायची. न्हाणीतून ओल्या अंगाने येऊन हलवलेलं मी बघितलेलं आहे, गाऊन उलटा घातलेला.

"सोड ना," मी म्हणायचे. "एक दिवस नको हलवूस. आकाश कोसळत नाही."

"पोरं मनापासून करतात गं. वाईट वाटेल त्यांना."

एकदा सोडलंही तिने. गुडघे सुजले होते, गोळी घेऊन ती आतल्या खोलीत जाऊन पडली आणि डोक्यावर उशी घेतली. टगने भोंगा दिला. पुन्हा दिला. फडकं नाही. टगवाल्यांनी फोन केला, तो तिला ऐकू गेला नाही. त्यांनी रेडिओवरून फेरीला कळवलं, फेरीवाल्याने धक्क्यावर आरडाओरडा केला, आणि थोड्या वेळात तिच्या दारात रुग्णवाहिका, दोन पोलीस, क्लबातले सहा जण, आणि पहार घेतलेला कोपऱ्यावरचा कसाई. मी किल्ली घेऊन येईपर्यंत कसायाने दार उचकटलं होतं. मर्ल पलंगावर उठून बसली होती, केस पिंजारलेले, आणि सगळं गाव तिच्या खोलीत.

"जिवंत आहे!" कसाई बाहेर ओरडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाण्यावर भोंगा झाला. आणि मर्ल उठली, सगळ्यांच्या मधून वाट काढत बाहेर गेली आणि फडकं हलवून आली. भीक नको पण कुत्रं आवर, अशी बाईची गत झाली होती.

त्याच सुमारास थेल्माचं प्रकरण उभं राहिलं. थेल्मा म्हणजे मर्लची धाकटी बहीण, गनेडालाच राहिलेली, विधवा. ती अंगणात पडली आणि खुबा मोडला. बरी झाली, पण एकटीने राहणं शक्य नव्हतं. तिच्या सुनेने वृद्धाश्रमात तिच्यासाठी जागा बघितली. थेल्माने मर्लला फोन केला. मी तिथेच बसले होते, आणि थेल्माचा आवाज असा की फोनची गरजच नाही.

"ईस्टरपर्यंत सांग मला. तू आलीस तर मी घरात राहते, नाहीतर ही मला तिकडे टाकणार. एक माणूस घरात पाहिजे, बस्स. काम काही नाही तुला. बसून राहायचं."

"बसून?" मर्लने विचारलं.

"बसून! दुसरं काय करणार आहेस या वयात?"

मर्लने फोन ठेवला. मग म्हणाली, "आयलीन, मला जायचंय." असं ती कशाबद्दल म्हणालेली मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

पण जाऊ देतं कोण? लिंडसेला सिडनीला फोन केला, तर तो म्हणाला, "मम, तू आणि नदी सोडून? महिनाभरात झुरून मरशील. असा देखावा बघायला लोक पैसे मोजतात!" क्लबात कळलं तर लोक तिची समजूत घालायला आले. बहिणीलाच इकडे आण म्हणाले. थेल्माला आणून काय, तिलाही फडकं द्यायचं? टगवाल्यांना सांगायची तर मर्लला हिंमतच होईना. "क्लॅरीची पोरं ती," म्हणायची. "मी गेले तर त्यांना वाटेल क्लॅरीला विसरले." ईस्टर जवळ येत चालला. थेल्माची सून घर आवरायला लागली होती. मर्ल उठत होती, हलवत होती, बसत होती. रात्री रडायची. मला कुंपणापलीकडे कळायचं.

शेवटी मी फणकारले. "फ्रूटकेक कर एक. आपण दोघी पलीकडे जाऊ. नेव्हच्या तोंडावर सांग. सांगत नसशील तर मी सांगते, आणि मी सांगितलेलं त्याला आवडणार नाही."

फेरीने पलीकडे गेलो, तिथून बसने टगच्या धक्क्यावर. मर्लने चांगला कोट घातला होता. एवढी वर्षं त्या टग बघितल्या, पण त्यांच्या धक्क्यावर ती कधी आलीच नव्हती. दोर, टायर, तेलाचा वास. नेव्ह ऑलसेन चहाच्या खोलीत बसला होता. आता त्याचेच केस पांढरे. मर्लला बघून तो इतक्या घाईने उठला की चहा सांडला.

"मिसेस टनब्रिज! काय झालं? बरी आहेस ना?"

"बस रे बाबा," मर्ल म्हणाली. "केक आणलाय. आणि एक बोलायचंय." मी तिला कोपर मारलं. "नेव्ह, तुम्ही भोंगा देता ना मला. तो... मला आता उठवत नाही रे. बहिणीकडे जायचंय मला. तुम्हाला वाईट वाटेल, मला माहीत आहे, पण..."

नेव्ह मागच्या मागे खुर्चीत बसला. "म्हणजे भोंगा नको तुला?"

"नको."

"देवा!" तो म्हणाला आणि दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "अगं, आम्ही किती वर्षं वाट बघतोय, पण तुला सांगणार कोण? लोकांच्या तक्रारी आहेत, बंदरवाले बोलावून झापतात, उगाच भोंगा देऊ नका म्हणून. मी तीनदा बोलणी खाल्ली. आणि तुझं फडकं दिसतंय का ते बघायला प्रत्येक वेळी एक माणूस दुर्बीण घेऊन उभा. गेल्या हिवाळ्यात जहाजाचा दोर ताणलेला, आणि तो गाढव दोर सोडून तुझ्या व्हरांड्याकडे बघतोय. पाय जाता जाता वाचला त्याचा. सगळे म्हणतात, थांबवा. मीच म्हणायचो, नको. बिचारी दिवसभर त्याच्यासाठी तर बसते तिथे. दुसरं आहे काय तिला?"

मर्लने केकचा डबा मांडीवर ओढून घेतला.

"आणि त्या दिवशी दार तोडलंत ते?" मी विचारलं.

"घाबरलो होतो गं आम्ही! वाटलं, बंद करायचं बोलणं चाललं होतं, ते कळून हिने हाय खाल्ली की काय!" तो हसायला लागला. मीही हसले, खोटं कशाला बोलू. दोन्हीकडची माणसं एकमेकांसाठी मरत होती आणि तोंड कुणी उघडत नव्हतं.

मर्ल हसली नाही. ती केकच्या डब्याचं झाकण दाबत बसली होती. "तू पहिल्यांदा दिलास ना, क्लॅरी गेल्यावर," ती म्हणाली, "तेव्हा फार बरं वाटलं होतं मला. नंतर तुला सांगायचं राहिलंच. फार बरं वाटलं होतं."

"हो?" नेव्ह म्हणाला.

"तेवढा एकच द्यायचा होतास रे."

नेव्हचं हसू जागच्या जागी थांबलं. त्याने केक कापला. आम्ही तिघांनी चहा घेतला. त्याने तिथूनच रेडिओवरून सगळ्या टगना कळवलं, आणि निघताना मर्लचा हात हातात घेऊन उभा राहिला. ती त्याला म्हणाली, "दोराकडे लक्ष ठेवायला सांग पोरांना."

परतीच्या फेरीत ती खिडकीपाशी बसली, मी समोर. फेरी सुटली आणि थोडं अंतर गेल्यावर समुद्राच्या बाजूने एक टग आली, कोळशाच्या जहाजाला सोडून परतणारी. फेरीतले लोक आमच्या गावचेच. त्यांनी टग बघितली, मग मर्लकडे बघितलं. एका बाईने तर आपला हातरुमालही पुढे केला, "हा घे, मर्ल." टग जवळ आली, समोरून गेली. भोंगा झाला नाही. मर्लचे हात मांडीवर होते, ते तिने तिथेच राहू दिले. टग पुढे गेल्यावर तिने मान खिडकीला टेकली आणि डोळे मिटले.

आमचा धक्का आला. लोक उतरले. ती उठली नाही. मी वाकून तिच्या तोंडाशी कान नेला, तर ती घोरत होती.

फेरीवरचा खलाशी आला. "उठवू का?"

"हात लावून बघ तिला," मी म्हणाले.

"तिकीट?"

"माझ्या नावावर मांड."

त्याने खांदे उडवले आणि दोर सोडला. आम्ही परत शहराकडे गेलो, परत स्टॉकटनकडे आलो, परत गेलो. एक रिकामं जहाज आत आलं, इतकं उंच की फेरीवर सावली पडली. त्याच्या मागेपुढे टग होत्या. गाळाचं बार्ज गेलं. लाटेने फेरी हलली, मर्लचं डोकं एका बाजूचं दुसऱ्या बाजूला झालं, तोंड उघडं, कोटाची कॉलर लाळेने ओली. तिच्या लग्नापासून मी तिला ओळखते, पण दिवसाउजेडी झोपलेली कधी बघितली नव्हती.

जाग आली तेव्हा तिने गोंधळून विचारलं, "गेलं का काही?"

"गेलं ना. सगळं गेलं."

"बरं," म्हणाली आणि कोट सारखा केला.

घरी आल्यावर टोपीसुद्धा न काढता तिने फोन लावला. मी चहाचं पाणी ठेवत होते.

"थेल्मा, मी येतेय. हो. हो, नक्की. नाही, आता कुणाला विचारायचं राहिलेलं नाही." पलीकडून थेल्मा रडतेय की ओरडतेय ते समजत नव्हतं. मग काहीतरी लांबलचक सांगायला लागली, पुढची खोली, मागची खोली. पुढच्या खोलीत सुनेचं सामान आहे, मागची लहान आहे, अंधारी आहे, असं काहीसं.

"मागची चालेल," मर्ल म्हणाली. "तिथून बाहेर काय दिसतं?"

थेल्माने सांगितलं. मर्लने डोळे मिटून घेतले आणि फोन कानाशी घट्ट धरला.

"काहीच नाही ना? नक्की? बरं झालं बाई."